तिसरं दरपत्रक

“इंजिनाला हवा किती आणि पेट्रोल किती द्यावं, हे ज्याला कळलं, त्याला राज्य कसं चालवावं हेही कळलं.”

आमचे शेजारी हे वाक्य चष्मा काढून, उजव्या हाताची तर्जनी छातीच्या उंचीवर धरून म्हणत. चष्मा काढला की त्यांना समोरचं माणूस नीट दिसत नसे, त्यामुळे ऐकणारा मधेच उठून गेला तरी वाक्य पूर्ण होई. त्यांच्या फाटकाआड उभी असलेली गाडी चार वर्षांत वीतभरही हलली नाही. राज्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही.

कॉलनीत सगळे त्यांना साहेब म्हणत. एका सरकारी खात्यात ते उपअभियंता होते. नोकरीभर त्यांनी रस्त्यांखालच्या मोऱ्या बांधल्या. त्या मोऱ्या अजून उभ्या आहेत, हे न्यायाने सांगायला हवं. पाणी त्यांच्या शेजारून जातं. फाटकावरच्या पाटीवर नाव, त्याखाली हुद्दा, आणि हुद्द्यापुढे ‘निवृत्त’ हा शब्द इतक्या बारीक अक्षरांत होता की तो वाचायला फाटकाच्या आत यावं लागे.

तुमच्याही गावात असा एखादा साहेब असेल. बुलढाण्यात थोडे जास्त आहेत, कारण जिल्ह्याचं ठिकाण आहे आणि हवा चांगली म्हणून निवृत्तीनंतर कुणी हलत नाही.

साहेब मूळचे देऊळघाटचे. पण नोकरीत असताना पुण्याला तीन आठवड्यांचं प्रशिक्षण झालं आणि तिथून येताना त्यांनी ‘मले-तुले’ पुण्यातच सोडलं. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, चाळीस वर्षं त्यांच्याशी वऱ्हाडीत बोलत आल्या आणि ते काकूंना छापील मराठीत उत्तर देत आले. संसार चालला, कारण काकू फार बोलत नसत.

गाडी पांढरी, चौकोनी, कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. तिच्यावर साहेबांनी एक सिद्धांत बांधला होता. आमचा जिल्हा दोन भागांत राहतो, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा घाटावर, राजूर घाट उतरला की मोताळा, मलकापूर, सगळं घाटाखाली. घाटावरचे म्हणतात आमची हवा चांगली, घाटाखालचे म्हणतात आमची जमीन चांगली, आणि सोयरिकी दोन्हीकडून होत राहतात. साहेबांनी या जुन्या गमतीला शास्त्राचा दर्जा दिला. घाटावर हवा विरळ, सबब पेट्रोल कमी. घाटाखाली हवा दाट, सबब पेट्रोल जास्त. गाडी घेऊन खाली उतरले की ते घाटाच्या पायथ्याशी थांबत, बॉनेट उघडत, खिशातल्या पेचकसाने कार्ब्युरेटरचा बारका स्क्रू पाव आटा फिरवत आणि वहीत वेळ लिहीत. परत येताना त्याच जागी पाव आटा उलटा. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून हात दुखवून घेत. काकू पुढच्या सीटवर मांडीवर डबा धरून बसलेल्या असत.

देऊळघाटचे शकूरभाई आमच्या भागातले जुने मिस्त्री. साहेबांना त्यांनी एकदा सांगून पाहिलं, “साहेब, एवढ्याशा घाटाचं गाडीले काई समजत नाही.”

“गाडीला समजतं,” साहेब म्हणाले. “तुम्हाला समजत नाही.”

शकूरभाई हसले आणि त्यांनी पाना उचलला. पंचवीस वर्षं ज्यानं कार्ब्युरेटर उघडले त्याला पंचवीस वर्षं अशीच गिऱ्हाइकं भेटलेली असतात.

साहेबांना गाडी मान म्हणून हवी होती. काकूंना ती एकाच कामासाठी हवी होती. रोहिणखेडला त्यांची मोठी बहीण राहत असे. तिला त्या माई म्हणत. माहेरचं तेवढंच माणूस उरलं होतं. माईंना काचबिंदू झाला होता आणि नजर वर्षागणिक आत आत ओढली जात होती. काकूंचे गुडघे गेलेले. एसटीची पहिली पायरी त्यांच्या कमरेइतकी उंच वाटे. भाड्याची गाडी करावी, तर साहेब म्हणत, “घरात वाहन असताना भाड्याचं? लोक काय म्हणतील?” लोकांना त्यांच्याबद्दल काय म्हणायचं ते लोक आधीच म्हणत होते. पण काकूंना कुणी सांगितलं नाही. सबब गाडी चालू असेल तरच रोहिणखेड, अशी स्थिती होती.

गाडी बंद पडली ती रोहिणखेडहून परत येतानाच. मे महिना, दुपारचं ऊन, राजूर घाटाची चढण. मधल्या वळणावर इंजिन दोनदा शिंकलं आणि गप्प झालं. काकूंनी मला नंतर सांगितलं, की साहेब त्या वेळी पुण्याचं सगळं विसरून ओरडले, “आता काऊन बंद पडली बे हे?” मग खाली उतरून ते गाडीपुढे उभे राहिले आणि हवा-पेट्रोलाच्या प्रमाणाविषयी काकूंना सांगू लागले. एक ट्रकवाला थांबला. त्यानं बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं, साहेबांच्या खांद्यावरचा पांढरा टॉवेल न विचारता ओढला, कॅनमधल्या पाण्यात भिजवला आणि पेट्रोलच्या पंपाभोवती गुंडाळला.

“उन्हानं पेट्रोलची वाफ झाली, काका. थंडा होऊ द्या. काई नाही झालं.”

दहा मिनिटांनी गाडी चालू झाली. आपल्याकडे उन्हाळ्यात जुनी गाडी चालवणारा प्रत्येक माणूस हे जाणतो. घाटात ओलं फडकं बांधून चढणारी गाडी दिसली तर कुणी वळूनही पाहत नाही. पण साहेबांचा टॉवेल काळा झाला होता, आणि तोही एका ट्रकवाल्याच्या हातून, काकूंच्या देखत. घरी आल्यावर त्यांनी गाडी फाटकाआड लावली, किल्ली खिळ्याला टांगली आणि जाहीर केलं की आता या गाडीचा मूलभूत निर्णय घ्यायची वेळ आली आहे: कार्ब्युरेटर की फ्युएल इंजेक्शन.

ज्यांना हा फरक ठाऊक नाही त्यांच्यासाठी शकूरभाईंनी एकदा आमच्या ओट्यावर बसून केलेला खुलासा देतो. त्याहून चांगला मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही, आणि मी वाचनालयातच नोकरी केली.

“कार्ब्युरेटर म्हंजे घरी वाढलेलं जेवण. इंजिन भुकेप्रमानं ओढून घेते. कवा जास्त होते, कवा कमी होते, पर चालते. इंजेक्शन म्हंजे दवाखाना. कम्प्युटर डोळे लावून बसलेला रायते, मोजून मोजून देते. एकदम बराबर. पर त्याची एक तार तुटली का मंग समदंच उपाशी.”

“मग साहेबांच्या गाडीला काय बरं?”

“साहेबाच्या गाडीले काई झालं नाही ना हो,” शकूरभाई म्हणाले. “पंपाले उन्हाचा आडोसा करा अन् कार्ब्युरेटर धुवा. अर्ध्या घंट्याचं काम.”

अर्ध्या घंट्याच्या कामाला साहेबांची उंची पुरत नव्हती. त्यांनी फाइल उघडली. हिरव्या पुठ्ठ्याची, लाल नाडीची. पहिल्या पानावर विषय: ‘वाहनाच्या इंधनपुरवठा पद्धतीत बदल करणेबाबत’. एक समिती नेमली. अध्यक्ष ते, सचिव ते, आणि त्रयस्थ सदस्य मी. मला त्रयस्थ म्हणून निवडलं कारण मला गाडी चालवता येत नाही. महिन्यातून एकदा बैठक होई. काकू चहा आणत, साहेब मागच्या बैठकीचं वृत्त वाचून दाखवत, मी सही करत असे. चहा उत्तम असे. मी त्या फाइलवर चाळीसच्या वर सह्या केल्या, आणि त्यातल्या एकाही वेळी, चहा घेऊन आलेल्या बाईला इकडे काय चाललंय ते विचारलं नाही. या गोष्टीत फक्त साहेबांना नावं ठेवून मला सुटता येणार नाही, एवढं आत्ताच लिहून टाकतो.

पहिल्याच वर्षी साहेबांनी कार्ब्युरेटर स्वतः उतरवला, ‘निरीक्षणार्थ’. त्याचे सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडून जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि प्रत्येकाला पांढऱ्या दोऱ्याने चिठ्ठी बांधली. साहेब जिन्याच्या खालच्या पायरीवर ताट घेऊन बसू लागले. काकू, ज्यांना खाली बसता येत नव्हतं, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या राहून जेवू लागल्या.

मग दरपत्रकं. साहेबांचा सारा जन्म एका नियमावर उभा होता: कुठलंही काम करायचं तर तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, मगच निर्णय. मोरी असो, टाचण्या असोत. स्वतःच्या गाडीला, स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या फाटकात काम करून घ्यायचं असलं तरी. मी एकदा विचारलं, “साहेब, हे तर घरचं काम आहे.”

त्यांनी चष्मा काढला. “घरचं म्हणून शिथिलता आली, की तिथूनच ऱ्हास सुरू होतो.”

पहिलं दरपत्रक शकूरभाईंचं. ते त्यांनी विडीच्या बंडलाच्या कागदावर लिहून दिलं, साहेबांनी कोऱ्या कागदावर उतरवून घेतलं. दुसऱ्यासाठी मलकापूरहून गवई नावाचा तरुण मिस्त्री आला. त्यानं पदविका केली होती, लॅपटॉप लावून नव्या गाड्यांची इंजेक्शन यंत्रणा तपासण्यात आख्ख्या घाटाखाली त्याचं नाव होतं. मोटरसायकलवर घाट चढून आला, बॉनेट उघडून पाच मिनिटं पाहिलं आणि टेबलावरचे चिठ्ठ्या बांधलेले भाग पाहिले.

“काका, हिले इंजेक्शन बसवू नका.”

“कारण?”

“टाकीत वेगळा पंप लागन. सेन्सर लागन, नवी वायरिंग लागन, कम्प्युटर लागन. एवढं करून तुमाले भेटन काय? थंडीत सकाळी चोक ओढा नाही लागनार. जुन्या गाडीले हाच साफ करून लावा. पंपाले पत्र्याचा आडोसा करा. मी सांगून राह्यलो म्हंजे बघा, माहा धंदा इंजेक्शनचा हाये.”

म्हणजे जिल्ह्यातला कार्ब्युरेटरचा माणूस आणि जिल्ह्यातला इंजेक्शनचा माणूस, दोघांचं एकच मत पडलं. दुसऱ्या कुणाचाही प्रश्न इथे सुटला असता.

“दोघं मिळालेले आहेत,” साहेब मला म्हणाले.

दोघांची ओळखही नव्हती. ती त्या दिवशी साहेबांच्या फाटकात झाली. नंतर बराच वेळ ते दोघे रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पीत उभे होते आणि गवई शकूरभाईंना मान हलवून हलवून काही विचारत होता. ते दृश्य साहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि फाइलमध्ये नोंद केली: ‘संगनमताची शक्यता नाकारता येत नाही. तिसरं दरपत्रक आवश्यक.’

आणि तिसरं मिळेना. घाटावर तिसरा माणूस नव्हता, घाटाखाली होता तो फक्त डिझेलचं काम करी. तीन वर्षं त्या एका कागदासाठी गेली. साहेबांनी पत्रं लिहिली, स्मरणपत्रं लिहिली, अंतिम स्मरणपत्रं लिहिली. विहिरीवरचे पंप दुरुस्त करणाऱ्या एकानं, गैरसमजातून, तीन अश्वशक्तीच्या जळालेल्या मोटरची तार भरून देण्याचं दरपत्रक पाठवलं. साहेबांनी तेही फाइलला लावलं आणि समासात लिहिलं, ‘असंबद्ध. तथापि दर वाजवी.’

शकूरभाई अधूनमधून फाटकाशी थांबत. “साहेब, जुम्म्याच्या नमाजीले जाता जाता लावून देतो. अर्धा घंटा.”

“निर्णयाआधी कार्यवाही?” साहेब विचारत. शकूरभाई काकूंकडे पाहत. काकू आत जात.

रोहिणखेडचा फोन दर रविवारी येई. काकूंना फोन कानाला लावून नीट ऐकू येत नसे म्हणून त्या स्पीकर लावत, आणि आमची भिंत एकच, त्यामुळे माई आमच्याही घरात बोलत.

“झाली का वं गाडी?”

“होऊन राह्यली.”

“मागच्या दिवाळीतबी होऊनच राह्यली होती.”

“होईन, माई. कागद यायचा हाये एक.”

“कागदावर बसून येतं काय तू?”

काकू हसत. मग माई दुसरं काही बोलत: कुणाच्या घरी पोर झालं, गावातल्या कुणाची म्हैस कुठे सापडली. डोळ्यांबद्दल त्या शेवटी बोलत, घाईघाईत. पहिल्या वर्षी त्यांना बाजूचं दिसेनासं झालं. दुसऱ्या वर्षी त्या उंबऱ्याला अडखळल्या. तिसऱ्या वर्षी म्हणाल्या की मोहल्ल्यातली जुनी मशीद आता आख्खी दिसत नाही, कमान पाहिली तर भिंत जाते. साहेब त्या वेळी शेजारच्या खोलीत तक्त्याच्या रेघा आखत. त्यांना ऐकू येत नसे असं नाही. फोन संपला की ते आतून विचारत, “माईंची प्रकृती उत्तम?” आणि उत्तराची वाट पाहत नसत.

चौथ्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, माई म्हणाल्या, “मले आता तांदूळ निवडता येत नाही. नानं धरल्यासारखं एवढंसं भोक राह्यलं हाये मधोमध, त्यातून पाहतो मी. डॉक्टर म्हनते, तेबी किती दिवस रायते सांगता येत नाही. तुले यायचं असन तं ये. नाही तं गाडीलेच पाठवून दे, तिले तरी पाहून घेतो.”

काकूंनी फोन बंद केला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालय उघडायला निघालो होतो. भाड्याच्या काळी-पिवळी जीपच्या स्टँडवर काकू उभ्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात देवघरापुढचा बसायचा पाट.

“भाऊ, एवढा पाट धरा बरं.”

मी पाट जीपच्या पुढच्या दाराशी जमिनीवर टेकवला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पाटावर पाय दिला, तिथून जीपमध्ये. ड्रायव्हरनं आतून हात दिला. “पुढंच बसा काकू, मांगं धक्के लागतेत.” सगळं मिळून पाव मिनिट लागलं असेल. मी पाट हातात घेऊन उभा होतो.

“द्या तो इकडं,” काकू म्हणाल्या. “उतराले लागन.”

संध्याकाळी साहेब माझ्याकडे आले. चष्मा डोळ्यांवर होता.

“त्या मला न सांगता गेल्या.”

“सांगून आल्याचं त्या मला स्टँडवर म्हणाल्या. तुम्ही फाइल वाचत होता. हो म्हणालात.”

“मी हो म्हणालो?” मग म्हणाले, “चहापत्ती कुठे असते, ते त्यांनी तुम्हाला सांगितलं का?”

दहा दिवस झाले, बारा झाले. साहेब खानावळीतून डबा आणू लागले. रविवारी फोन येईना, कारण फोन करणारी आणि घेणारी दोघी रोहिणखेडलाच होत्या. तेराव्या दिवशी त्यांनी समितीची तातडीची बैठक बोलावली. चहा मी करून नेला. साहेबांनी ठराव वाचला: ‘गृहस्वामिनींस परत आणण्याच्या निकडीस्तव, अंतिम निर्णयास अधीन राहून, जुना कार्ब्युरेटर तात्पुरत्या स्वरूपात बसविण्यास मान्यता देण्यात येत आहे.’ मी सही केली. ती एकच सही केल्याचं मला वाईट वाटत नाही.

शकूरभाई आले. त्यांनी टेबलावरच्या भागांच्या चिठ्ठ्या सोडल्या, ते पेट्रोलमध्ये धुऊन त्यांची भोकं फुंकून पाहिली, कार्ब्युरेटर जोडला, पंपापुढे पत्र्याचा तुकडा वाकवून बसवला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, बॅटरी स्वतःची आणून लावली, चाकांत हवा भरली. गाडी तिसऱ्या सेल्फला चालू झाली. कार्ब्युरेटरचं काम सत्तावीस मिनिटांत झालं होतं; मी घड्याळ पाहत होतो. साहेबही पाहत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. घाटाच्या पायथ्याशी साहेब थांबलेच. बॉनेट उघडलं, पाव आटा फिरवला. वही मात्र काढली नाही.

रोहिणखेडला मशिदीच्या पुढे गल्ली अरुंद आहे, गाडी तिथेच ठेवावी लागली. माई अंगणात बाजेवर बसल्या होत्या, काकू त्यांच्या डोक्याला तेल लावत होत्या. चाहूल लागताच माईंनी विचारलं, “कोन हाये?” आणि काकू म्हणाल्या, “हे आले.” तेल लावायचं थांबवलं नाही.

“जावईबापू! गाडी आनली काय? चला, दाखवा मले.”

माईंना धरून आम्ही गल्लीच्या तोंडाशी नेलं. त्या गाडीसमोर उभ्या राहिल्या आणि मान अगदी हळूहळू हलवू लागल्या. आधी एक दिवा पाहिला. मग बॉनेट, मग आरसा, मग दाराची मूठ. एका वेळी नाण्याएवढं. सगळी गाडी पाहायला त्यांना चांगला वेळ लागला. आम्ही तिघं उभे. साहेबांनी चष्मा काढला होता आणि त्यांची तर्जनी अर्धी वर आली होती.

“एवढीशीच हाये?” माईंनी विचारलं.

साहेबांचं बोट खाली आलं.  

जेवताना काकूंनी सांगितलं. त्या पोचल्या त्या दिवशी माईंनी त्यांना उंबऱ्यात उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि असंच पाहिलं. कपाळ, मग एक भुवई, मग दुसरी, मग नाक. हनुवटीपर्यंत यायला इतका वेळ लागला की काकूंना बसल्या बसल्या हसू फुटलं, तर माई म्हणाल्या, “हालू नको वं, मंग पुन्हा वरून सुरू करा लागते.” सगळं पाहून झाल्यावर म्हणाल्या, “म्हातारी झाली तू.”

माई ताटाकडे न पाहता भाकरी मोडत होत्या. “चार वर्सं अगुदर आली असती,” त्या साहेबांच्या दिशेनं म्हणाल्या, “तं एका नजरेत पाहून घेतलं असतं तिले. आता एकेक तुकडा आठवून जोडा लागते.”

आवाजात राग नव्हता. साहेब ताटात पाहत होते. म्हणाले, “भाजी छान झाली आहे.” 

निघताना ते अंगणात उभे राहिले. “मी न्यायला आलो आहे.”

“दिसते मले,” काकू म्हणाल्या. “तुमी जा. मी आठ दिवसांनी येईन. पोळ्या करून देऊ काय संध्याकाळच्या?”

त्यांनी दिल्याही. डबा मांडीवर धरून मी पुढच्या सीटवर बसलो. मोताळा मागे पडलं. घाटाच्या पायथ्याशी साहेब थांबले नाहीत. मधल्या वळणाच्या पुढे आल्यावर, रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “येईन ना हो ते?”

‘ते’ म्हणजे काकू. देऊळघाटात बाईमाणसाबद्दल असंच बोलतात. मी म्हणालो, येतील. त्यांना पुढे बोलायचं होतं असं वाटलं, पण घर आलं, आणि फाटक उघडताना ते पुन्हा साहेब झाले. “सध्याची व्यवस्था तात्पुरती आहे,” ते म्हणाले. “तिसरं दरपत्रक येऊ द्या.”

काकू आठ दिवसांनी आल्या, काळी-पिवळीनं. त्यानंतर दर महिन्याला जात राहिल्या, काळी-पिवळीनंच. कुणी कुणाला विचारलं नाही. गाडी फाटकाआड उभी राहिली, साहेब रविवारी ती पाच मिनिटं चालू करून ठेवत आणि आवाज ऐकत.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी जेवून झोपले आणि उठले नाहीत. पूर्वसूचना न देता केलेली ही त्यांची एकमेव गोष्ट. पोचवायला माणसं बरीच होती. खात्यातले दोघे आले, ते मोऱ्यांबद्दल चांगलं बोलले. शकूरभाई खांदा द्यायला थेट गॅरेजमधून आले होते, हात न धुता. आपल्याला ज्या माणसाचा कंटाळा होता त्याची खिडकी बंद दिसली की चुकल्यासारखं होतं, हे मला तेव्हा कळलं. कंटाळा मात्र कमी झाला नाही.

माईंचं ते उरलेलं भोकही तोवर बुजलं होतं. काकूंनी बुलढाण्याचं घर बंद करून रोहिणखेडलाच राहायचं ठरवलं. “आता तिले माहा आवाजच दिसते,” त्या म्हणाल्या. “तं तो तरी जवळ असू द्यावा.” जायच्या आदल्या दिवशी त्यांनी शकूरभाईंना बोलावलं आणि म्हणाल्या, गाडी तुम्हीच घेऊन जा.

“काकू, मले कायले?”

“तुमीच चालू केली ते. घ्या.”

 शकूरभाई म्हणाले, नावावर करायला कागद लागतील. फाइल आणली. दोन खंड झाले होते. तक्ते होते, स्मरणपत्रं होती, मोटर भरून देण्याचं दरपत्रक होतं. गाडीचं नोंदणीपुस्तक नव्हतं. ते काकूंच्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली निघालं.

शकूरभाईंनी ते खिडकीशी नेऊन वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्या हातात दिलं आणि काकूंकडे पाठ करून उभे राहिले.

जुन्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. नाही केली तर ती रस्त्यावर आणता येत नाही, तिला पेट्रोल कुठूनही मिळो. साहेबांकडून ती करून घ्यायची राहून गेली होती. मुदतीची तारीख शिक्क्यानिशी स्वच्छ दिसत होती. ती फाइलच्या पहिल्या पानावरच्या तारखेच्या अकरा महिने आधीची होती.